सावलीचे तिकीट

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या, म्हणजे मुंबईकरांच्या राणीच्या बागेच्या, प्रवेशद्वारावर ऑगस्ट २०१७ पासून जे दरपत्रक लागू झाले ते कागद-पेन्सिल घेऊन वाचण्यासारखे आहे. बारा वर्षांवरील प्रत्येकाला ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई, वडील व दोन मुले अशा चौघांना मिळून १०० रुपये. त्याआधी कित्येक वर्षे मोठ्यांना ५ आणि लहानांना २ रुपये पडत. दहापट वाढीचा आकडा पाहून लोक चिडले, वर्तमानपत्रांतून टीका झाली, आणि मग बहुतेक सार्वजनिक दरवाढींचे होते तेच झाले : सवय लागली. सवय लागली म्हणजे दर न्याय्य ठरला, असे मात्र म्हणता येत नाही. म्हणून हा प्रश्न इतक्या वर्षांनंतरही पुन्हा उघडून पाहायला हवा.

या दरपत्रकातली सवलत कोणाला मिळते ते पाहा. नवरा, बायको आणि दोन लहान मुले सुटी तिकिटे काढतील तर १५० रुपये होतात; कौटुंबिक तिकिटात त्यांचे ५० वाचतात. एकटी आई दोन मुलांना घेऊन आली तर तिचे सुटे तिकीटही १०० रुपयेच होते, म्हणजे तिला सवलत शून्य. तीन मुले असतील तर तिसऱ्याचे वेगळे पैसे. आजीने नातवाला आणले, मावशीने भाच्यांना आणले, तर ते या व्याख्येतले कुटुंब होत नाही. एखाद्या कारखान्यातले चार तरुण सुटीच्या दिवशी आले तर २०० रुपये. दर ठरवणाऱ्यांनी कुणावर मुद्दाम अन्याय करायचे ठरवले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कुटुंबनियोजनाच्या जुन्या जाहिरातीतले चौकोनी कुटुंब होते, आणि ज्या परिसरात ही बाग आहे तिथली घरे तशी कधी नव्हती, एवढेच. लालबाग, परळ, भायखळा, माझगाव या पट्ट्यातल्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या नांदल्या. राणीची बाग ही त्यांची मोकळी जागा होती, आणि ते तिथे येत ते चौघे-चौघे मोजून नव्हे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सार्वजनिक बागेला शुल्क असूच नये, ते तत्त्वतःच अन्यायाचे आहे, असे माझे म्हणणे नाही. तशी भूमिका घेणे सोपे आहे आणि ऐकायला चांगलेही वाटते. पण बागेला माळी लागतात, पाणी लागते, रात्रीचे रखवालदार लागतात, आणि प्राणी असतील तर त्यांचे खाद्य व औषधपाणी लागते. प्रश्न आहे तो शुल्क नेमके कशाचे घेतले जाते हा. जी वस्तू सर्वांसाठी आहे आणि सर्वांच्या पैशातून उभी राहिली आहे, तिच्यासाठी दारात पैसे मागू नयेत, निदान जाणवतील इतके मागू नयेत; जी वस्तू खास आहे, महागडी आहे आणि ज्याला हवी त्यानेच पाहायची आहे, तिच्यासाठी खुशाल मागावेत. राणीच्या बागेचे दरपत्रक या दोहोंची गल्लत करते, आणि तिचा बोजा ज्यांना तो सर्वांत कमी पेलतो त्यांच्यावर पडतो.

दर का वाढला ते सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले. त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. उरलेल्यांसाठी बांधलेले थंड दालन मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी उघडले आणि पाच रुपयांत पेंग्विन पाहायला मिळतात म्हटल्यावर गर्दीचा लोंढा आला. चार-पाच महिन्यांत नवे दर लागू झाले. सुरुवातीचा प्रस्ताव याहून चढ्या दराचा होता; विरोध झाल्यावर तो खाली आला. पुढे २०२१ मध्ये पेंग्विनांच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटी रुपयांची निविदा निघाली, तेव्हा त्यावरून राजकीय वाद पेटला आणि प्रशासनाने बचावात सांगितले की पेंग्विन आल्यापासून बागेचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले आहे. हा बचाव हिशेबाला धरून आहे. पण त्यातच एक कबुलीही दडलेली आहे : दर वाढवला तो पेंग्विनांच्या नावावर, आणि वसूल केला जातो तो फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग त्याला पेंग्विन पाहायचे असोत वा नसोत.

आणि पेंग्विन न पाहताही या बागेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. किंबहुना बाग आधीची आणि प्राणी नंतरचे. १८६२ मध्ये ती लोकांना खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून. पिंजरे आले ते सुमारे तीन दशकांनी. तिथली गोरखचिंच, फुलांनी लगडलेली उर्वशी, खोडालाच फुले येणारा कैलासपती हे वृक्ष मुंबईत अन्यत्र सहजासहजी दिसत नाहीत, आणि एकाच कुंपणात इतक्या जातींचे जुने वृक्ष तर नाहीतच. काही वर्षांपूर्वी जेव्हा या जागेचे परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना पुढे आली होती, तेव्हा नागरिकांनी ती अडवण्यासाठी आवाज उठवला तो याच झाडांसाठी. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, चित्रकलेचा विद्यार्थी वही घेऊन येतो, जवळच्या रुग्णालयात कोणाला दाखल केलेले असते तो नातेवाईक दुपारी दोन तास टेकायला जागा शोधतो, फेरीवाला उन्हातून सावलीत येऊ पाहतो. यांतल्या कोणालाही पेंग्विनांशी कर्तव्य नाही. त्यांनी ५० रुपये का द्यावेत, याला दरपत्रकात उत्तर नाही.

या बाबतीत महापालिकेच्याच व्यवहारात एक मोलाचा पुरावा सापडतो, आणि त्याकडे मला वाटते पुरेसे लक्ष गेलेले नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी महिन्याचा पास ठेवलेला आहे; २०१७ च्या दरवाढीत तो ३० रुपयांवरून १५० रुपये झाला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एका फेरीला सहा रुपये पडतात. सकाळी प्राण्यांचे विभाग उघडण्यापूर्वीची नुसती बाग, तिची झाडे, तिच्या वाटा आणि तिची हवा, यांचे मोल महापालिकेने स्वतःच सहा रुपये ठरवले आहे असा याचा अर्थ. मग तीच झाडे दुपारी दोन वाजता पाहणाऱ्याला ५० रुपये का? प्राणी पाहण्याचे वाढीव ४४ रुपये त्याच्याकडून घेतले जातात, आणि ते पाहायचे नाहीत असे सांगण्याची सोय त्याला नाही. पहाटे फिरणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचा दर योग्यच आहे. पण पहाटे सहा वाजता मोकळा वेळ असणे हीसुद्धा एक मिळकत आहे. रात्रपाळी करून येणाऱ्या, पहाटेच्या लोकलने कामाला जाणाऱ्या, सहा वाजता पाणी भरणाऱ्या माणसाकडे ती नसते. त्याला वेळ मिळतो तो आठवड्यातून एकदा, दुपारी, आणि तेव्हा दर पूर्ण असतो.

त्याच आवारातले दुसरे उदाहरणही लक्षात घ्यावे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे. १८७२ मध्ये उघडलेले, लोकवर्गणीतून उभे राहिलेले, आणि अलीकडच्या काळात उत्तम रीतीने जीर्णोद्धार केलेले हे संग्रहालय भारतीय प्रौढाकडून १० रुपये घेते. नाजूक वस्तू, काचेची कपाटे, छतावरची नक्षी, प्रशिक्षित कर्मचारी, हे सारे सांभाळून दहा रुपये. शेजारच्या फाटकात झाडाखाली बसायला पन्नास. एकाच महापालिकेच्या सावलीत नांदणाऱ्या या दोन संस्थांच्या दरांत जो फरक आहे, त्यामागे कोणते धोरण आहे असे विचारले तर उत्तर मिळणार नाही, कारण धोरण असे नाहीच. ज्या खात्याला जेव्हा जे सुचले ते दरपत्रकावर चढले.

आता कायद्याकडे वळू. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतला भेद स्पष्ट केला : कर हा सार्वजनिक कामांसाठी सर्वांकडून घेतला जातो आणि त्याच्या बदल्यात विशिष्ट लाभ मिळालाच पाहिजे असे नसते; शुल्क हे विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात त्या सेवेचा लाभ घेणाऱ्याकडून घेतले जाते. पुढच्या निकालांनी ही रेषा बरीच सैल केली हे खरे, पण मूळ विवेक अजूनही उपयोगी आहे. बागेतील झाडे, वाटा, बाके यांचा लाभ केवळ आत येणाऱ्यालाच मिळतो असे नाही. बाहेरच्या रस्त्याची हवा, भोवतालच्या वस्तीचे तापमान, पावसाचे मुरणारे पाणी, एवढेच काय, समोरच्या इमारतींतल्या घरांच्या किमती, या सगळ्यांत त्या बागेचा वाटा आहे. ज्यांना बागेचा सर्वांत मोठा आर्थिक लाभ होतो ते कदाचित खिडकीतूनच ती पाहतात आणि फाटकातून कधी आत जात नाहीत. हा लाभ सर्वांचा असल्याने त्याचा खर्च करातून व्हावा हे उघड आहे. पेंग्विनांच्या दालनातला गारवा मात्र आत शिरणाऱ्यापुरता असतो. तिथे शुल्काची कल्पना चपखल बसते.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवलेल्या विषयांच्या यादीत, उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. उलट मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात बागा हे बंधनकारक कर्तव्य मानलेले नसून ऐच्छिक कामांत गणलेले आहे. शतकभराच्या अंतराने लिहिलेल्या या दोन दस्तऐवजांत नगराची कल्पना किती बदलली ते यावरून कळते. प्रशासनाची मानसिकता अजून १८८८ च्या दस्तऐवजातली आहे : बाग दिली हेच उपकार, मग तिकिटावर कुरकुर कसली?

या टप्प्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो सभ्य शब्दांत येतो म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. जे कर भरतात त्यांनीच सगळ्यांचा खर्च का उचलावा, जे कर भरत नाहीत त्यांनी निदान तिकीट तरी काढावे, असे म्हटले जाते. यात गृहीत धरलेली समजूतच चुकीची आहे. मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार दीर्घकाळ जकात हा होता, आणि जकात शहरात येणाऱ्या मालावर लागत असल्याने झोपडीतल्या माणसाने विकत घेतलेल्या तेलाच्या डब्यातही तिचा अंश असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, आणि तिच्या बदल्यात राज्याकडून महापालिकेला नुकसानभरपाई मिळू लागली. ती भरपाईही शेवटी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातूनच येते. गंमत अशी की मालमत्ता कर थेट भरणाऱ्यांपैकी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून त्यात माफी मिळाली. ती योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण शहराचा खर्च फक्त मालमत्ता कर भरणारा मध्यमवर्ग उचलतो ही समजूत तेव्हाही खरी नव्हती आणि आता तर मुळीच नाही. बागेच्या फाटकाशी उभा असलेला प्रत्येक जण तिचे पैसे आधीच देऊन आलेला असतो.

परदेशी पाहुण्यांकडून जास्त पैसे घेण्याचे समर्थनही याच तर्काने करता येते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर ही पद्धत आहेच. घारापुरीला भारतीयाला ४० रुपये आणि बहुतेक परदेशी पर्यटकांना ६०० रुपये पडतात. इथल्या करांत ज्याचा वाटा नाही त्याने जास्त द्यावे यात मला काही वावगे दिसत नाही, रक्कम लाजिरवाणी होऊ नये एवढेच. हाच तर्क ताणून मुंबईबाहेरच्या भारतीयांनाही जास्त दर लावावा असे कोणी म्हणेल, तर ते मात्र मान्य करू नये. यवतमाळहून किंवा सावंतवाडीहून मुंबई दाखवायला आणलेली शाळेची सहल हा या शहराचा परका पाहुणा नव्हे, आणि दारात आधारकार्ड तपासणारी बाग कोणालाही नको असेल.

दुसरा आक्षेप असा की फुकट मिळालेल्याची किंमत नसते. शुल्क ठेवले की गर्दी आटोक्यात राहते आणि येणारा माणूस कचरा करत नाही. गर्दीचे आधी पाहू. १ जानेवारी २०२३ या एका दिवशी राणीच्या बागेत तीस हजारांहून अधिक लोक आले, आणि ते सारे नव्या दराने आले. म्हणजे ज्या दिवशी गर्दी आवरायची गरज असते त्या दिवशी शुल्क ती आवरत नाही. सणासुदीला माणूस घरातून पैसे बाजूला ठेवूनच निघतो. शुल्क कोणाला अडवते? सुटीचा दिवस नसलेल्या, ऊन तापलेल्या, बाग अर्धी रिकामी असलेल्या दुपारी आलेल्या एकट्या-दुकट्या माणसाला. ज्याच्या येण्याने कोणाचीही गैरसोय झाली नसती, नेमका तोच परत जातो. गर्दीच आवरायची असेल तर सुटीच्या दिवशी जास्त दर आणि आडदिवशी नाममात्र दर ठेवणे हा साधा उपाय आहे. आणि कचऱ्याचे म्हणाल तर शिवाजी पार्क, फिरोजशहा मेहता उद्यान, कमला नेहरू उद्यान यांना प्रवेशशुल्क नाही; तिथे कचरा झाला तर तो साफसफाईच्या वेळा आणि कचरापेट्यांची संख्या यांवर अवलंबून असतो. पैसे देऊन आलेला माणूस कमी कचरा करतो असे मानणाऱ्याने आपल्या चित्रपटगृहांतील खुर्च्यांखाली एकदा वाकून पाहावे.

शुल्क कुठे योग्य ठरते याचे उदाहरणही मुंबईतच आहे. मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा उन्नत निसर्ग मार्ग खुला झाला. लांबी जेमतेम ४८५ मीटर, रुंदी थोडी, खाली उतार. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे त्यावर सोडली तर धोका आहे, म्हणून तासातासाचे गट, आगाऊ नोंदणी, आणि भारतीयांना २५ रुपये शुल्क. इथे नियमाचे कारण डोळ्यांना दिसते. शिवाय ज्याला ते द्यायचे नसतील त्याच्यासाठी शेजारीच कमला नेहरू उद्यान मोकळे आहे. या मार्गाबद्दल माझी तक्रार एकच : नोंदणीचा भर ऑनलाइन पद्धतीवर ठेवताना, ज्याच्याकडे तसा फोन नाही किंवा ज्याला तो वापरता येत नाही त्याच्यासाठी काही जागा रोजच्या रोज प्रत्यक्ष खिडकीवर राखून ठेवणे हा नियमाचाच भाग असायला हवा होता. पंचवीस रुपये असलेला माणूस फोन नसल्यामुळे परत जातो, तेव्हा त्याला शुल्काने अडवलेले नसते आणि म्हणून तो शुल्काच्या कोणत्याही हिशेबात दिसतही नाही.

जगातल्या जुन्या वनस्पतिउद्यानांनीही हा प्रश्न सोडवला आहे, वेगवेगळ्या तऱ्हांनी. २०१५ मध्ये जागतिक वारसा ठरलेले सिंगापूरचे वनस्पतिउद्यान पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत विनामूल्य खुले असते. आतल्या ऑर्किडच्या खास उद्यानाला मात्र वेगळे तिकीट आहे, आणि तेथील रहिवाशांना ते स्वस्त पडते. लंडनच्या क्यू उद्यानाने उलट वाट धरली. १९१६ मध्ये सुरू झालेले एका पेनीचे शुल्क तिथे अनेक दशके नाममात्र होते. आज मोसमात ते वीस पौंडांच्या वर जाते, मात्र सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना एका पौंडात प्रवेश आहे. मला सिंगापूरची रीत पटते. क्यूच्या रीतीत गरिबाला आपण गरीब असल्याचे दारात सिद्ध करावे लागते, आणि आपल्याकडे दाखले मिळवणे म्हणजे काय असते ते रेशनकार्डासाठी खेटे घातलेल्या कोणालाही विचारावे.

आतापर्यंत पैशांबद्दल बोललो. पण माणसांना बागेबाहेर ठेवण्याचे काम पैशांहून जास्त वेळा नियम करतात, आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. वेळेचाच नियम घ्या. पुण्यासह अनेक शहरांत महापालिकेची उद्याने सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असतात व दुपारी बंद. कारण विचारले तर देखभाल, झाडांना पाणी, आणि मग आवाज खाली आणून, दुपारी ‘नको ते लोक’ येतात, असे सांगतात. हे नको ते लोक कोण? दोन घरांच्या कामांमधला एक तास मोकळा असलेली घरकामगार बाई, जेवणाची वेळ झालेला पोचवणी करणारा तरुण, महाविद्यालयातून सुटलेली आणि घरी बसायला जागा नसलेली मुले, कामाच्या शोधात दिवसभर फिरून थकलेला माणूस. ज्यांना घरी पंखा आहे त्यांच्या सोयीने बाग उघडते आणि ज्यांना सावली हवी असते त्या वेळी ती बंद होते. दिवसेंदिवस कडक होत चाललेल्या उन्हाळ्यात हा नियम केवळ गैरसोयीचा राहिलेला नाही, तो आरोग्याचा प्रश्न झाला आहे.

राणीच्या बागेला बुधवारची सुटी असते तिची गोष्ट निराळी आहे. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवणे आवश्यक आहे, आणि प्राण्यांना एक दिवस उसंत मिळावी यात गैर काही नाही. पण हा नियम प्राण्यांसाठी आहे, झाडांसाठी नाही. बाग आणि प्राणिसंग्रहालय एकाच कुंपणात, एकाच तिकिटात आणि एकाच नियमावलीत कोंबल्यामुळे एकाचे बंधन दुसऱ्याला लागू होते, हा मुद्दा इथेही दिसतो.

मग वागणुकीचे नियम. फुले तोडू नयेत, प्राण्यांना खायला घालू नये, काचेवर मारू नये, प्लास्टिक आणू नये, हे सगळे नियम मला मान्य आहेत आणि ते अधिक कडकपणे पाळले जावेत असेही वाटते. या नियमांचे वैशिष्ट्य असे की ते कृतीला मनाई करतात. कोणीही ती कृती केली तर दोषी, कोणीही न केली तर मोकळा. पण बागांच्या फलकांवर, आणि त्याहून जास्त रखवालदारांच्या तोंडी, दुसऱ्या जातीचेही नियम असतात, जे माणूस पाहून लागू होतात. शेजारी-शेजारी बसलेल्या तरुण जोडप्याला उठवले जाते, तसेच बसलेल्या वयस्क जोडप्याला नाही. बाकावर आडवा झालेला मजूर हाकलला जातो, योगासनाच्या नावाने गवतावर आडवा झालेला गृहस्थ नाही. मोठ्या आवाजात हसणाऱ्या मुलींना दटावले जाते, हास्यक्लबाला नाही. रखवालदाराला यात दोष देण्याचा मोह आवरावा. तो बहुधा ठेकेदाराकडून तुटपुंज्या पगारावर नेमलेला असतो, त्याला कोणी लेखी नियम दिलेले नसतात, आणि वजनदार रहिवाशाने तक्रार केली की त्याची नोकरी जाते हे त्याला पक्के ठाऊक असते. नियम कमी, लेखी आणि मराठीत ठळकपणे लावलेले असतील, आणि त्यांखाली तक्रार कोणाकडे करायची तेही लिहिलेले असेल, तर त्याचाही जाच कमी होईल.

डब्याच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत हा नियम स्वच्छतेच्या नावाखाली ठिकठिकाणी लागू होतो आहे, आणि जिथे तो लागू होतो तिथे बहुतेक वेळा आत उपाहारगृहाचा ठेका दिलेला असतो. घरून आणलेली पोळी-भाजी कचरा करते आणि आत विकत घेतलेले पाकीटबंद वेफर्स करत नाहीत, असे कोणता अनुभव सांगतो? सहल म्हणजे डबा, हे महाराष्ट्रातल्या कष्टकरी कुटुंबांचे साधे गणित आहे. तिकिटाचे शंभर रुपये काढून आत आलेल्या चौघांना वर खाण्याचे दोन-तीनशे रुपये मोजायला लावले, तर ती बाग त्यांच्यापुरती वर्षातून एकदा येण्याची जागा होते. प्राण्यांच्या पिंजऱ्यांपासून दूर, पाण्याची सोय आणि पुरेशा कचरापेट्या असलेली डबा खाण्याची जागा राखून ठेवणे हा याला उत्तम तोडगा आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही.

नियम करणारे हात कोणाचे, यावरही बरेच अवलंबून असते. मुंबईत मोकळे भूखंड खासगी संस्थांना देखभालीसाठी देण्याचे दत्तक धोरण जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाले, त्यावर गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना ते थांबवावे लागले, कारण त्याआधी अशा भूखंडांवर सभासदांपुरते क्लब उभे राहिल्याचा अनुभव लोकांच्या गाठी होता. काही रहिवासी संघांनी आपल्याकडची मैदाने खरोखर चांगली राखली आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण चांगली राखलेली बाग आणि सर्वांची बाग या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. त्यासाठी प्रवेशाच्या अटी संस्थेने नव्हे, महापालिकेने ठरवाव्या लागतात.

आणि महापालिकेने म्हणजे कोणी? २०१७ चा दर प्रस्तावापेक्षा खाली आला तो निवडून आलेल्या प्रतिनिधींना लोकांचा रोष जाणवला म्हणून. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात जे दर व नियम ठरले त्यांवर सभागृहात चर्चा झालीच नाही, कारण सभागृहच नव्हते. मलबार हिलच्या मार्गाचे २५ रुपये मला वाजवी वाटतात हे वर म्हटले आहेच. तरीही ते वाजवी आहेत की नाहीत हे कोणी तरी जाहीरपणे विचारायला हवे होते आणि कोणी तरी जाहीरपणे उत्तर द्यायला हवे होते. दर बदलण्यापूर्वी बागेचा जमाखर्च, म्हणजे झाडांवर किती, प्राण्यांवर किती, पेंग्विनांच्या वातानुकूलनावर किती आणि तिकिटांतून किती, हा वेगवेगळा मांडून प्रसिद्ध करणे एवढी किमान अट असावी. सन २०२५-२६ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तिकिटांतून येणारे काही कोटी त्यात गेले काय आणि आले काय, असे मी म्हणणार नाही, कारण सार्वजनिक पैशाबद्दल तसे बोलू नये. मात्र त्या रकमेसाठी बागेचे मूळ प्रयोजन गहाण ठेवावे इतकी ती रक्कम मोठी नाही, हे कोणालाही दिसेल.

राणीच्या बागेपुरता बदल तर अगदी हाताशी आहे. बागेचा आणि उघड्यावरच्या प्राण्यांचा प्रवेश शेजारच्या संग्रहालयाइतकाच, दहा रुपयांत ठेवावा. बारा वर्षांखालील मुलांना तोही नसावा, म्हणजे कुटुंब चौकोनी की त्रिकोणी हे खिडकीवर मोजण्याची गरजच उरणार नाही. पेंग्विनांच्या दालनाला वेगळे तिकीट ठेवावे, आणि ते पन्नासच काय, त्यांचा खर्च भागेल इतके ठेवावे. महापालिकेच्या शाळांतील मुलांना तेवढी सूट द्यावी. अशा दुहेरी व्यवस्थेवर प्रशासनाचे नेहमीचे उत्तर असे असते की दोन ठिकाणी तिकिटे तपासायची म्हणजे माणसे वाढणार आणि गोंधळ होणार. पेंग्विनांची इमारत बागेत स्वतंत्र आहे, तिला स्वतःचे दार आहे, आणि गर्दीच्या दिवशी त्या दाराशी रांग लावायला कर्मचारी आजही उभे असतात.